पडण्याची मुभा

लहान मूल पडले की आपण जमिनीला चापट मारतो, गुडघ्यावर फुंकर घालतो आणि दुसऱ्याच क्षणी ते पुन्हा धावू लागते. म्हातारे माणूस पडले की घरात पळापळ होते. एक्स-रे, प्लॅस्टर, परगावच्या मुलांना फोन. या दोन पडण्यांच्या मधली जी चाळीस-पंचेचाळीस वर्षे असतात, त्यांत माणसाने पडायचेच नसते, असा आपला एक अलिखित नियम आहे. त्यातून ती बाई असेल तर विचारायलाच नको. ‘लक्ष कुठे होते तुझे?’ हा पहिला प्रश्न असतो आणि ‘लागले का?’ हा दुसरा.

नेमक्या या मधल्या वयातील स्त्रियांनी आपखुशीने पडावे, दुसरीला पाडावे, आणि त्यासाठी पदरचे पैसे खर्चून आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी एकत्र जमावे, असा एक खेळ अमेरिकेत आहे. रोलर डर्बी हे त्याचे नाव. माझी मुलगी २०१८ पासून तो खेळते. निवृत्तीनंतर, २०२३ च्या उन्हाळ्यात, मी पाच महिने तिच्याकडे ओरेगन राज्यातल्या एका मध्यम आकाराच्या शहरात राहिले, तेव्हा तो खेळ मला जवळून पाहायला मिळाला. इतकेच नव्हे, तर त्यात एक लहानसे पदही भूषवता आले. त्या पदाविषयी पुढे सांगेनच. आधी प्रश्न सांगते. तेहतिसाव्या वर्षी, चांगली नोकरी असलेल्या, शाळेत खेळाच्या तासाला पुस्तक घेऊन बसणाऱ्या मुलीला या धक्काबुक्कीत असे कोणते सुख लाभत असेल?

खेळाचा इतिहास मनोरंजक आहे. १९३५ च्या ऑगस्टमध्ये, जागतिक मंदीच्या काळात, लिओ सेल्टझर नावाच्या व्यावसायिकाने शिकागोच्या कोलिझियममध्ये चाकांच्या बुटांवरची एक लांबलचक शर्यत भरवली. एक पुरुष आणि एक स्त्री अशा जोड्यांनी आळीपाळीने गोल गोल फिरायचे आणि अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतचे अंतर त्या सभागृहातच कापायचे, अशी ती कल्पना होती. पुढे जाऊ पाहणारे आणि वाट अडवणारे यांची टक्कर होई, तेव्हा प्रेक्षक उठून उभे राहत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस क्रीडालेखक डेमन रन्यन यांच्या सूचनेवरून या टकरींनाच खेळाचा गाभा करण्यात आला आणि गुणांची पद्धत आली. स्त्रिया आणि पुरुष एकाच संघात, एकाच नियमांनी खेळत, ही त्या काळी अपूर्वच गोष्ट होती. पुढे दूरचित्रवाणीने या खेळाला घरोघरी नेले. हळूहळू त्यात नाटकीपणा शिरला आणि १९७३ साली सेल्टझर कुटुंबाने तो बंद केला. २००१ च्या सुमारास टेक्सासमधील ऑस्टिन शहरातल्या काही तरुणींनी तो पुन्हा सुरू केला, तो मात्र कोणा व्यावसायिकाच्या हाताखाली नव्हे, तर स्वतःच्या मालकीने. २००४ मध्ये ठिकठिकाणच्या अशा मंडळांनी एकत्र येऊन संघटनेचा पाया घातला आणि २०११ साली कॅनडातील टोरांटो येथे पहिला विश्वचषकही झाला. आता पुरुषांचे आणि लहान मुलांचेही संघ आहेत. पण या नव्या अवताराचा जन्म स्त्रियांच्या हातून झाला आणि त्याची ठेवण अजून तशीच आहे.

खेळ समजून घ्यायला मला वेळ लागला नाही, कारण मी कबड्डी खेळलेली आहे. आमच्या रामबागेतल्या घरी तिला हुतूतूच म्हणत. १९७७ ते १९८० या काळात मी महाविद्यालयाच्या संघात होते. पुढे पदवी, नोकरी, लग्न. शेवटची चढाई नेमकी कोणत्या दिवशी केली हे आठवत नाही. ती शेवटची आहे हे त्या दिवशी ठाऊक असते, तर आठवली असती.

तर लंबगोल आखलेला मार्ग. प्रत्येक संघाच्या पाच-पाच जणी त्यावर उभ्या. त्यांतली एक जॅमर. तिच्या शिरस्त्राणावर चांदणी असते. बाकीच्या चौघी ब्लॉकर. जॅमर म्हणजे आपली चढाई करणारी. फरक एवढाच, की इथे दोन्ही संघांची चढाई एकाच वेळी चालते. दोघी जॅमर मागून निघतात आणि ब्लॉकरांच्या घोळक्यात शिरतात. पहिल्यांदा घोळका भेदला तर गुण नाही. त्यानंतरच्या प्रत्येक फेरीत प्रतिपक्षाच्या जितक्या ब्लॉकर मागे टाकाल तितके गुण. ब्लॉकरांना दोन कामे एकाच वेळी करावी लागतात: समोरच्या जॅमरला अडवायचे आणि आपल्या जॅमरला वाट करून द्यायची. धक्का खांद्याने, नितंबाने किंवा मांडीने द्यायचा; कोपर, हाताचा पंजा, डोके वापरायचे नाही; पाठीत धक्का द्यायचा नाही, पाय घालायचा नाही. एक डाव जास्तीत जास्त दोन मिनिटांचा. मग तीस सेकंदांची उसंत, की लगेच नवा डाव. असे तीस-तीस मिनिटांचे दोन भाग. जी जॅमर नियमात राहून घोळक्यातून आधी बाहेर पडते तिला डाव हवा तेव्हा थांबवण्याचा अधिकार मिळतो, आणि तो ती दोन्ही हात कमरेवर पुन्हा पुन्हा आपटून बजावते. कमरेवर हात म्हटले की आपल्याला एकच मूर्ती आठवते. घामाने चिंब झालेली, धापा टाकणारी बाई दोन्ही हात कमरेवर आणते आणि साऱ्या मैदानावर एकदम शांतता पसरते, हे दृश्य पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हसू आले आणि अंगावर काटाही आला.

मुलीने हे सारे का सुरू केले, ते सांगायचे तर थोडे घरातले सांगावे लागेल. २०१७ साली तिचा संसार मोडला. कारणांना इथे स्थान नाही. आम्ही इथून दररोज फोन करत असू. नातेवाईकही करत. सगळ्यांच्या बोलण्याचा शेवट एकाच शब्दाने होई: ‘सांभाळून राहा.’ शब्द मायेचा आहे, पण तो वर्षभर ऐकल्यावर माणसाला आपण काचेचे आहोत असे वाटू लागते. तिथल्या मराठी मंडळात ती गणपतीला, दिवाळीला जाई. लोक प्रेमळच होते. मात्र तिला पाहून त्यांचे आवाज खाली येत, जणू कोणी आजारी आहे. अशा दिवसांत ग्रंथालयातल्या सूचनाफलकावर तिला नवशिक्यांसाठी रोलर डर्बीचे वर्ग असल्याची जाहिरात दिसली. पूर्वीचा अनुभव आवश्यक नाही, असे त्यात लिहिले होते. तिला त्या एका वाक्याने ओढून नेले, असे ती सांगते. कसलाही अनुभव नसलेली माणसे चालतील अशी जागा तेहतिसाव्या वर्षी फारशी उरलेली नसते.

पहिले तीन आठवडे तिला तिथे एकच गोष्ट शिकवण्यात आली: पडायचे कसे. एका गुडघ्यावर पडणे, दोन्ही गुडघ्यांवर पडणे, गुडघे आणि कोपरे टेकून अंग गोळा करणे. पडताना बोटे मिटून मूठ करायची, कारण पसरलेल्या बोटांवरून मागच्या बाईची चाके जाऊ शकतात. मागे पडू नये; पडायचेच तर पुढे, लहान होऊन पडावे. आणि पडल्यावर हातांचा आधार न घेता, दुसरीच्या वाटेत न येता दोन-तीन सेकंदांत उठावे. हे शंभरदा, दोनशेदा. शिट्टी वाजली की सगळ्यांनी पडायचे, शिट्टी वाजली की सगळ्यांनी उठायचे. ‘आई,’ ती म्हणाली होती, ‘इथे मी पडते तेव्हा का पडलीस असे कोणी विचारत नाही. नीट पडलीस, असे म्हणतात.’ फोनवर हे ऐकताना मी स्वयंपाकघरात उभी होते. त्या दिवशी मात्र फोन ठेवताना ‘सांभाळून राहा’ हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

पाच मिनिटांत सत्तावीस फेऱ्या मारण्याची एक कसोटी अनेक मंडळांत प्रचलित होती. तिला पहिल्या खेपेस एकोणीस जमल्या. सत्ताविसाचा आकडा गाठायला सात महिने लागले. ज्या रात्री तो गाठला त्या रात्री तिने, नोकरीत बढती मिळाल्यावरही केला नव्हता असा, अवेळी फोन केला. आमचे हे झोपेतून उठून म्हणाले, ‘कसल्या सत्तावीस फेऱ्या? देवळाला?’ पण हसताना त्यांचाही आवाज जड झाला होता.

या खेळात प्रत्येक जण एक टोपणनाव घेते. त्यात बहुधा शब्दांची कोटी असते. माझ्या मुलीचे नाव ‘ठेचा’. ठेच लागणे, ठेचणे आणि तो हिरव्या मिरचीचा ठेचा, असे तिन्ही अर्थ तिने मैत्रिणींना समजावून दिलेले आहेत. त्या ‘थेचा’ म्हणतात. पाठीवर चार अंकांपर्यंत क्रमांक घेता येतो. तिने घेतला ०७३१. इंदूरच्या वाचकांना याचा अर्थ सांगायला नको. घरोघरी दूरध्वनी आले त्या काळात परगावच्या नातलगांना आपण पाठ करून दिलेला तो आपल्या गावाचा संकेतांक. इतक्या दूरच्या गावात, सभागृहाच्या दिव्यांखाली, तो आकडा घोळक्यातून वाट काढत येताना पाहणे हा एक विलक्षण अनुभव होता.

आता माझ्या पदाविषयी. सामना चालवायला खेळाडूंच्या निम्म्याहून अधिक माणसे लागतात. चाकांवर फिरणारे पंच सातपर्यंत असतात. त्यांखेरीज जमिनीवरचे अधिकारी, म्हणजे गुण मांडणारे, चुकांची नोंद ठेवणारे, वेळ मोजणारे. ही सारी मंडळी बिनमोबदला काम करतात आणि नेहमीच कमी पडतात. कोषालयात सदतीस वर्षे काढलेली बाई रिकामी बसली आहे हे त्यांच्या लक्षात आले आणि दुसऱ्याच आठवड्यात माझ्या हाती स्टॉपवॉच आले. मी पेनल्टी बॉक्सची वेळ-मोजणारी झाले.

तिथली शिस्त मला फार भावली. नियम मोडला की पंच शिट्टी वाजवून संघाचा रंग, खेळाडूचा क्रमांक आणि चूक एवढेच पुकारतो. खेळाडू ताबडतोब येऊन खुर्चीवर बसते. कारणे दाखवा नोटीस नाही, लेखी स्पष्टीकरण नाही, वरिष्ठांकडे अपील नाही. (प्रत्येक भागात एकदा संघाला फेरविचार मागता येतो, तो वेगळा.) शिक्षा तीस सेकंदांची. वीस सेकंद झाले की आम्ही ‘स्टँड’ म्हणायचे, तिने उभे राहायचे. तीस झाले की ‘डन’, आणि ती पुन्हा खेळात. एका सामन्यात सात शिक्षा झाल्या तर मात्र त्या दिवसापुरते बाहेर. पुढच्या सामन्यात पाटी कोरी. किरकोळ चुकीची सावली वीस वर्षांनंतरच्या बढतीवर पडलेली मी पाहिली आहे. चूक केली, मोजून भोगली, संपली, हे इतके स्वच्छ असू शकते, ते मला त्या घडीच्या खुर्च्यांपाशी समजले.

एकदा ०७३१ माझ्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसली. आपापसातला सरावाचा सामना होता, त्यामुळे आईने लेकीची शिक्षा मोजण्यास कोणाची हरकत नव्हती. मात्र मोजताना बोलायचे नाही हा नियम सर्वांना सारखाच. दातांवरचे कवच, कपाळावरून ओघळणारा घाम, दंडावर कुणाच्या तरी चाकाचा काळा ओरखडा. ती माझ्याकडे पाहत नव्हती. तिचे डोळे मैदानावर होते. त्या वीस सेकंदांत मला तिची ती वर्षे आठवली, जेव्हा ती फोनवर नुसते ‘हं, हं’ म्हणे. घड्याळात वीस झाले. मी म्हणाले, ‘स्टँड.’ ती उठली. दहा सेकंदांनी ती गेलीही. मी पुढच्या खेळाडूसाठी घड्याळ शून्यावर आणले.

धोका नाही असे मी म्हणणार नाही. घोटे मोडतात, गुडघ्याचे स्नायुबंध दुखावतात, डोक्याला मार बसतो. मी तिथे असतानाच एकीचा घोटा मोडला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. शिट्टी वाजताच दोन्ही संघांच्या खेळाडू जिथे होत्या तिथे एक गुडघा टेकून खाली बसल्या आणि तिला उचलून नेईपर्यंत कोणी उठले नाही. मग टाळ्या वाजल्या. तिच्या घरी पुढचे दोन महिने जेवण पोचवण्याची यादी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत भरून गेली होती. त्यात प्रतिपक्षाचीही नावे होती. यादीत माझ्या वाट्याला एक मंगळवार आला. मी साबुदाण्याची खिचडी नेली.

मग सुख कशात आहे? खेळणाऱ्या बायकांना मी हे विचारले. त्यांत परिचारिका होती, शिक्षिका होती, मालमोटार चालवणारी होती, एक तर आजी होती. कोणी म्हणाले, दिवसभर मी इतरांना जपते, इथे मला जपत नाहीत. कोणी म्हणाले, जन्मभर ज्या रुंद अंगाबद्दल टोमणे ऐकले, ते इथे संघाला हवे असते. हे दुसरे उत्तर मी मनात नीट ठेवले आहे. ठेंगणी, भक्कम बांध्याची बाई वाट अडवायला उत्तम; सडपातळ असेल ती फटीतून निसटते; उंच असेल तिची टांग लांब पडते. प्रत्येकीच्या शरीराला काही ना काही काम आहे. मला वाटते, आपल्याकडच्या बाईला तिचे शरीर दिसण्यासाठी, सोसण्यासाठी आणि राबण्यासाठी आहे हे शिकवले जाते. ते जोर लावण्यासाठीही आहे हे मैदानावरच कळते. मलाही ते तीन वर्षे कळले होते. मधली गडी माझ्या कमरेला विळखा घालते आहे, मी फरफटत रेषेकडे सरकते आहे आणि श्वास अजून टिकलेला आहे, तो क्षण आठवला की आजही हातांच्या मुठी वळतात.

आणखी एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नाही. ती मी स्वतः पाहिली. ते मंडळ त्या बायकाच चालवतात. मासिक वर्गणी, विम्याचे पैसे, सभागृहाचे भाडे, समित्या, इतिवृत्त, हिशेब. सामन्याच्या आधी गुडघ्यांवर बसून दोरी अंथरायची, तिच्यावर चिकटपट्टी लावून मार्ग आखायचा, आणि सामना संपल्यावर झाडून सारे परत ठेवायचे. हे बघताना मला आपले घर आठवले. आपले पूर्वज होळकरांबरोबर, शिंद्यांबरोबर, गायकवाडांबरोबर परमुलखात आले आणि स्थिरावल्यावर त्यांनी काय केले? वाचनालये काढली, तालमी काढल्या, गणेशोत्सव मांडले, व्याख्यानमाला चालवल्या. वर्गणी, सतरंज्या आणि भांडणे, या तिन्हींवर त्या संस्था शंभर शंभर वर्षे टिकल्या. कार्यक्रमाला माणसे येत ती केवळ व्याख्यानासाठी नव्हे; सतरंजी घालायला आपली गरज आहे, हे त्यांना ठाऊक असे. माझ्या मुलीने परमुलखात तेच शोधले. फरक इतकाच, की आपल्या लोकांना भाषेने एकत्र बांधले होते. या बायकांची भाषा, रंग, पोटापाण्याचा उद्योग, काहीच एक नाही. एकीने दुसरीच्या खांद्यावर भार टाकायचा आणि दुसरीने तो पेलायचा, एवढ्या एका व्यवहारावर ते मंडळ उभे आहे.

२०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे सगळीकडचे सामने थांबले, तेव्हा माझ्या मनात आले होते की आता ही मंडळे मोडतील. ज्या खेळात अंगाला अंग भिडल्याशिवाय काही घडतच नाही, तो अंतर राखून कसा जगणार? पण त्यांनी वर्गणी कमी करून चालू ठेवली, एकमेकींच्या दाराशी किराणा पोचवला, आणि पुन्हा मैदान मिळाले तेव्हा पहिल्या दिवशी पडण्यापासूनच सुरुवात केली.

मुलगी आता चाळिशीची झाली. खेळणे थोडे कमी केले आहे. गुरुवारी संध्याकाळी ती नवशिक्यांचा वर्ग घेते. उन्हाळ्यात तिच्या त्या वर्गाच्या वेळी आमच्याकडे शुक्रवारची सकाळ असते, साडेसात वाजलेले असतात. त्या वेळी मी फोन करत नाही. यांचा चहा, माझा चहा, खाली दूधवाल्याची घंटा. आणि तिकडे पंधरा-वीस अनोळखी बायका चाकांवर थरथरत उभ्या आहेत, कोणाचे काय मोडून आलेले आहे ते कोणी विचारलेले नाही, आणि माझी लेक शिट्टी तोंडाशी नेऊन त्यांना सांगते आहे, की मूठ मिटा, पुढे वाका, आणि आता सगळ्या पडा.